ओआरएस दिवस कशासाठी, टेट्रापॅक चालतो का आणि डॉक्टर सलाईन का लावत नाहीत

प्रश्न असा आहे की शाळेत 29 जुलैला ओआरएस दिवस म्हणून मोठ्या मुलीकडून पोस्टर करून घेतलं आणि त्याच आठवड्यात दीड वर्षाच्या धाकट्याला जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी तपासलं आणि फक्त ओआरएस आणि झिंक लिहून दिलं, सासूबाईंचं म्हणणं सलाईन लावलं असतं तर एका दिवसात उठून बसला असता, आणि मेडिकलवाल्याने ओआरएस म्हणून संत्र्याच्या चवीचा टेट्रापॅक हातात ठेवला. तर एवढ्या मीठ-साखरेच्या पाण्याचा दिवस का पाळायचा आणि टेट्रापॅक चालेल का, असं विचारलंय. शिवाय सासूबाईंनाही आता जुलाब होताहेत आणि त्यांना शुगर आहे.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करते, पावसाळ्यात माझ्या ओपीडीत अर्धी गर्दी जुलाब-उलट्यांचीच असते. त्यामुळे जरा लांबण लागेल, पण बाळ आजारी आहे म्हणून आधी कामाचं सांगते.

तो टेट्रापॅक बाजूला ठेवा, बाळाला देऊ नका. मेडिकलमधून पावडरचं पाकीट आणा, त्यावर डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला असं लिहिलेलं असतं, आणि घटक वाचा: सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम, हे एक लिटर पाण्यासाठी. असं पाकीट मिळालं की एक लिटर पाणी उकळून गार करायचं आणि अख्खं पाकीट एकदम त्यात ओतायचं. थोडी पावडर ग्लासात घालून बाकीची चिमटा लावून ठेवायची असं अजिबात करू नका, कारण ग्लासात ती अंदाजाने जास्त पडते आणि मग मिठाचं प्रमाण इतकं वाढतं की लहान बाळाच्या रक्तातलं सोडियम चढतं, त्याने झटकेसुद्धा येऊ शकतात. लिटरभर पाणी वाया जाईल असं वाटत असेल तर 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, फक्त पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचूनच घ्या. कालवल्यावर परत उकळायचं नाही, दूध, सरबत, जास्तीची साखर काही घालायचं नाही आणि 24 तासांनी उरलेलं टाकून द्यायचं.

द्यायचं कसं, तर प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे 50 ते 100 मिली. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला याच्या दुप्पट. बाटलीने नको, वाटी-चमच्याने द्या. प्यायल्या प्यायल्या उलटी झाली तर बहुतेक आया तिथेच थांबतात, "त्याला पचतच नाही" म्हणतात, पण तसं नसतं. दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, या वेळी दोन-तीन मिनिटांनी एक एक चमचा. उलटीत जातं त्यापेक्षा पोटात राहतं ते जास्त असतं. अंगावरचं दूध चालू ठेवा, मऊ भात-वरण, खिचडी, केळं, दही जे खाईल ते द्या. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवण्याची पद्धत अजूनही घराघरात आहे, त्याने मूल फक्त अशक्त होतं आणि आतडं भरून यायला उशीर लागतो.

झिंक 14 दिवस द्यायचं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी पूर्ण 14 दिवस. सहा महिन्यांच्या पुढे रोज 20 मिग्रॅ, त्याआधी दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10. जुलाबात झिंक द्या अशी शिफारस डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ दोघांनीही 2004 मध्येच केली, त्याने हा आजार लवकर आटोपतो आणि पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब होण्याचं प्रमाणही कमी होतं. मला सगळ्यात जास्त अर्धवट सोडलेलं दिसणारं औषध हेच.

आणि एक गोष्ट आधीच कळली तर निम्मी काळजी कमी होईल: ओआरएस जुलाब थांबवत नाही. ते अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं. जुलाब तीन ते सात दिवस चालतात, बहुतेक वेळा व्हायरसमुळे असतात आणि आपोआप थांबतात. मुलं दगावतात ती जुलाबाने नाही, अंगातलं पाणी संपल्याने. "दिवसभर ओआरएस पाजलं तरी शी पातळच" म्हणून लोक दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतात, आणि मग कुठेतरी अँटिबायोटिक सुरू होतं, किंवा मोठ्या माणसांच्या जुलाब बंद करायच्या गोळीचा तुकडा दिला जातो, जो लहान मुलांना धोकादायक आहे, पोट फुगतं, आतडी सुस्त पडतात. कृपया देऊ नका.

आता दिवस का पाळायचा ते सांगते, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

पटकी, म्हणजे कॉलरा, आपल्याकडे किती जुनी भीती आहे हे गावोगावच्या मरीआईच्या देवळांवरून कळतं. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसायचा. शिरेतून मिठाचं पाणी द्यायची कल्पना तशी जुनी, 1832 मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथमध्ये थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरने मरणपंथाला लागलेल्या एका म्हातारीला ते दिलं, तिच्या चेहऱ्यावर रंग आला, बोलायला लागली, डॉक्टर दुसरीकडे गेला आणि काही तासांत जुलाबाने सगळं परत निघून जाऊन ती गेली. पुढे पद्धत मागे पडली, विसाव्या शतकात परत आली आणि सुधारली, पण त्यासाठी निर्जंतुक बाटल्या, सुया आणि शीर सापडणारा प्रशिक्षित माणूस लागतो, आणि पटकीची साथ येते ती नेमकी जिथे यातलं काहीच नसतं तिथे.

तोंडाने का द्यायचे नाहीत? कारण नुसतं मिठाचं पाणी पटकीच्या रुग्णाच्या आतड्यात शोषलंच जात नव्हतं, उलट शी वाढायची. लोकांची समजूत होती की आतड्याचं अस्तरच सोलून निघालंय. इथे दोन शोध एकमेकांच्या जवळ आले. 1959 मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि सगळं पाणी त्या विषामुळे झिरपतं. आणि 1960 मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्रागच्या परिषदेत मांडलं की आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात ते सोडियमच्या जोडीनेच. ही जोडी आत गेली की पाणी मागोमाग जातं. विषामुळे पाणी बाहेर सुटतं हे खरं, पण ग्लुकोज-सोडियमचं हे दार विषाने बंद होत नाही, ते आजारातही चालू राहतं. म्हणजे मीठ आणि साखर ठरलेल्या प्रमाणात दिली तर पाणी आत ओढलं जाणारच. साखर चवीसाठी नाही, ती नसेल तर मीठ आत जात नाही, आणि मीठ नसेल तर पाणी.

हे कागदावरून खाटेवर यायला वेळ लागला. त्याआधी 1953 मध्ये कोलकात्याच्याच हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन पटकीचे सौम्य रुग्ण बरे केल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं होतं, त्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. फिलिपिन्समध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाचे रॉबर्ट फिलिप्स यांनी ग्लुकोज-मिठाचा प्रयोग केला, पण प्रमाण जमलं नाही, काही रुग्ण दगावले आणि ते मागे सरले. शेवटी 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी जितकं बाहेर जातंय तितकं मोजून परत पाजलं, आणि सलाईनची गरज जवळजवळ 80 टक्क्यांनी कमी झाली.

पण हे सगळं हॉस्पिटलातलं, नर्स बाजूला, मोजमाप चालू. घरातली बाई, निरक्षर बाप, थकलेला भाऊ हे करू शकेल यावर कुणाचाच विश्वास नव्हता. तो बसला 1971 मध्ये, बनगावला.

बांगलादेशाचं युद्ध चालू होतं, साधारण एक कोटी लोक सीमा ओलांडून भारतात आले होते, आणि पश्चिम बंगालच्या बनगावजवळच्या छावण्यांत पटकी पसरली. कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स केंद्रातले डॉ. दिलीप महालनबीस, मूळचे बालरोगतज्ज्ञ, जूनच्या अखेरीस तिथे पोचले. दोन खोल्यांचं हॉस्पिटल, 16 खाटा, आणि जमिनीवर सगळीकडे रुग्ण. सलाईन लावायचं तर लोकांच्या विष्ठेत आणि ओकारीत गुडघे टेकून बसावं लागायचं, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलंय. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की सलाईन पुरणार नाही आणि ते लावणारी माणसंही पुरणार नाहीत. मग त्यांनी ठरवलं की लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा, बस. कोलकात्याच्या केंद्रात ही पावडर मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची, पिशवी गरम इस्त्रीने चिकटवायची, गाडीने बनगावला पाठवायची, तिथे तोटी लावलेल्या पिंपात कालवायची आणि कप घेऊन नातेवाइकांनीच पाजायची. एका लिटरचा खर्च 11 पैसे. लोक आणि कर्मचारीसुद्धा सलाईनच मागत होते म्हणून त्यांना सांगायचे, हे सलाईनच आहे, फक्त तोंडाने घ्यायचं.

आठ आठवड्यांत 3,700 वर रुग्ण. आधी छावणीत शंभरात तीसच्या आसपास मरत होते, इथे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. आणि पाजणारे कोण, तर आई, बाप, बहीण, शेजारी. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. औषध सापडणं वेगळं, आणि ते रुग्णाच्या घरच्यांच्या हातात सुरक्षित आहे हे सिद्ध होणं वेगळं. डॉक्टरांच्या जगाला ते पटायला वेळ लागला, या कामावरचा महालनबीसांचा लेख आधी नाकारला गेला, 1973 ला छापून आला. छावणी स्वतः बघून गेलेले डब्ल्यूएचओचे धीमान बरुआ यांनी मात्र तो विषय लावून धरला. 1978 मध्ये डब्ल्यूएचओने जगभर जुलाबाविरुद्धचा कार्यक्रम सुरू केला आणि त्याच वर्षी लॅन्सेटने संपादकीयात लिहिलं की हा कदाचित शतकातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. त्यानंतर या पाण्याने पाच कोटींहून जास्त जीव वाचवले असा अंदाज दिला जातो. महालनबीस 16 ऑक्टोबर 2022 ला कोलकात्यात गेले, पद्मविभूषण मरणोत्तर मिळालं, 2023 मध्ये. जिवंतपणी त्यांचं नाव आपल्याकडच्या किती मेडिकल स्टुडंटना माहीत होतं याचा विचार केला तर वाईट वाटतं, आणि शाळेच्या पोस्टरवर एका कोपऱ्यात तरी त्यांचं नाव असावं असं मला मनापासून वाटतं.

घरच्या माणसांवरचा हाच विश्वास बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने पुढे नेला. 1980 ते 1990 या दहा वर्षांत त्यांच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या, एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत आयांना शिकवलं: अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूटभर मीठ. शिकवणारीचा पगार किती हे आईला नंतर किती आठवतं आणि ती बरोबर बनवते का यावर ठरायचं, दुसरा माणूस जाऊन तपासायचा. आरोग्यशिक्षण म्हणजे भाषण ठोकून फोटो काढणं नाही हे ज्यांना शिकायचंय त्यांनी हे काम जरूर बघावं.

आपल्याकडे पाकिटांवर आणि उपकेंद्राच्या भिंतीवर जलसंजीवनी असं लिहिलेलं असतं, जुलाब प्रतिबंधाच्या मोहिमेत आशाताई लहान मूल असलेल्या घरी पाकीट फुकट देऊन जातात, अंगणवाडीतही मिळतं. ते नको म्हणू नका, मेडिकलमधल्या पाकिटापेक्षा ते काही कमी दर्जाचं नाही, आत तोच फॉर्म्युला असतो.

पाकीट नसेल, रात्रीची वेळ असेल, तर घरी करा. एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. शिगोशीग नाही, सपाट. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर टाकून परत करा. यात पोटॅशियम नसतं म्हणून सकाळी पाकीट आणाच, तोवर भाताची पेज मीठ घालून, ताक, नारळपाणी चालेल.

आता टेट्रापॅक. 2002 मध्ये डब्ल्यूएचओने जुना फॉर्म्युला बदलला, त्याची तीव्रता कमी केली, म्हणजे मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले, त्याने उलट्या कमी झाल्या, शीचं प्रमाण कमी झालं आणि मधेच सलाईन लावायची वेळ जवळपास एक तृतीयांशाने कमी आली. लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज एवढं बारीक गणित आहे ते. बाजारात ओआरएसच्या नावाने मिळणाऱ्या काही फ्लेवर्ड पेयांत लिटरला शंभर ग्रॅमच्या वर साखर आणि मीठ अगदी थोडं. एवढी साखर आतड्यात गेली की ती शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेते, जुलाब वाढतात. आई समजते आपण ओआरएस पाजतोय, आणि मूल अजून सुकत जातं. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं या एकाच गोष्टीसाठी भांडत राहिल्या आणि ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की अशा कुठल्याही पेयाच्या नावात किंवा लेबलवर ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही. तरी काउंटरवर ओआरएस मागितलं की असंच काहीतरी पुढे येतं, म्हणून सवय लावा, नाव बघायचं नाही, घटक बघायचे. तयार पातळ ओआरएसही चालतं, पण घटक वर दिलेलेच हवेत.

सलाईनबद्दल सासूबाईंना असं सांगा. शुद्धीवर असलेलं, पिऊ शकणारं मूल असेल तर ओआरएसने तेच काम होतं जे सलाईनने होतं, सुई टोचावी लागत नाही, इन्फेक्शनचा धोका नाही, जास्त पाणी चढायची भीती नाही. सलाईनने जुलाब लवकर थांबत नाहीत, मूल टवटवीत दिसतं कारण पाणी भरलं गेलं, आणि ते वाटी-चमच्यानेही भरलं जातं, फक्त कुणीतरी चार तास मांडी घालून बसावं लागतं. थोडं सुकलेलं मूल असेल तर आम्ही ओपीडीतच बसवून किलोला 75 मिली या हिशोबाने चार तासांत पाजायला लावतो, दहा किलोच्या बाळाला पाऊण लिटर, आणि बहुतेक मुलं दुपारपर्यंत खेळायला लागतात.

मग सगळे डॉक्टर हे का करत नाहीत? 2019-21 च्या एनएफएचएस-5 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) सर्व्हेत जुलाब झालेल्या मुलांपैकी साधारण 61 टक्क्यांनाच ओआरएस मिळालं होतं, झिंक तर 31 टक्क्यांनाच. 2024 मध्ये सायन्स या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांवर खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात पालक बनून माणसं पाठवली होती. ओआरएस न लिहिण्यामागचं सगळ्यात मोठं कारण स्टॉक नसणं नव्हतं, पैसे कमावणंही नव्हतं, ते होतं "पेशंटला ओआरएस नको असतं" ही डॉक्टरची समजूत, एकूण कमी लिहिण्यातला 42 टक्के वाटा तिचा. आणि जे पालक स्वतःहून म्हणाले की आम्हाला ओआरएस हवंय, त्यांना ते मिळण्याचं प्रमाण 27 टक्के पॉइंटने वाढलं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की डॉक्टरसमोर बसलात की तोंडाने म्हणा, ओआरएस आणि झिंक द्या, सलाईनची गरज असेल तरच लावा. तुमच्या डॉक्टरांनी न मागता तेच दिलंय, तर त्यांना सोडू नका.

कधी मात्र घरी थांबायचं नाही ते लक्षात ठेवा. मूल मलूल पडलं, उठवलं तरी डोळे उघडेना, काहीच पिईना, प्रत्येक घोट उलटून जातोय, शीत रक्त दिसतंय, डोळे किंवा टाळू खोल गेलीय, सहा तास शू नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, यातलं एकही दिसलं तर तडक हॉस्पिटल, तिथे डॉक्टर सलाईन लागेल म्हणाले तर ते लावलंच पाहिजे, आणि मूल शुद्धीवर असेल, पीत असेल तर वाटेत चमच्याने ओआरएस चालू ठेवा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ आणि खूप हडकुळं, कुपोषित मूल यांनाही घरी ठेवू नका, त्यांचं प्रमाण वेगळं असतं. "दात येताहेत म्हणून होतं" हे कारण कोणी सांगितलं तरी ऐकू नका, त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं म्हणून जुलाब होतात. आणि रोटाव्हायरसची लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना सरकारी केंद्रात फुकट मिळते, पुढच्या बाळाच्या वेळी चुकवू नका.

सासूबाईंचं राहिलं. शुगर असली तरी जुलाबात ओआरएस घ्यायला हरकत नाही, 200 मिलीच्या ग्लासात ग्लुकोज पावणेतीन ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा साखरेइतकं, आणि अंगातलं पाणी कमी झालं तर शुगर आणि किडनी दोन्ही बिघडतात. प्रत्येक जुलाबानंतर एक ग्लास, घोट घोट. घरी ग्लुकोमीटर असेल तर दिवसातून दोन-तीनदा बघा. पण त्यांच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, जुलाब चालू असताना तशाच घ्यायच्या की दोन दिवस थांबवायच्या हे त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, स्वतःहून बंद करू नका. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर ओआरएस किती घ्यायचं तेही त्यांनाच विचारा. आणि मूल व आजी दोघांनाही एकाच वेळी झालंय म्हणजे घरातलं पाणी किंवा काहीतरी एकत्र खाल्लेलं बघावं लागेल, तोवर पिण्याचं पाणी उकळून घ्या आणि बाळाची शी धुतल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा.